हातखंब्याच्या मोटारीचा दावा

१८ डिसेंबर १९३३
डाव्या हाताने लिहिते आहे. ओळ वर चढत जाते. जाऊ दे.
आज बरोबर महिना झाला. हाताच्या फळ्या काढल्या. डॉक्टर म्हणाले, "नर्सबाई, तुम्हाला मी काय सांगणार, तुम्हीच बघा." बघितलं. मनगट सांधलं आहे, पण वाकडं. तीन बोटं गार. अंगठा तर्जनीला पोचत नाही. चिमटीत कापसाचा बोळासुद्धा राहिला नाही, पडला.
अकरा वर्षं सुईणीचं काम या हाताने केलं. दवाखान्याने सहा महिने जागा राखली आहे. पुढचं पुढे.

२० डिसेंबर
झालं ते एकदा नीट लिहून ठेवते. मागाहून कोणी विचारलं तर शब्द फिरायला नको.
पालीचं बाळंतपण आटोपून दुपारच्या सर्व्हिस मोटारीने रत्नागिरीस परत येत होते. मोटार बापूशेटची. ड्रायव्हर धोंडू पवार, तोंडओळखीचा. मी उजव्या कडेला, शेजारी मिरकरवाड्याची हलिमाबी, सुकी मासळी विकून रिकामी पाटी मांडीवर घेतलेली. आमच्या पुढे दुसऱ्या कंपनीची मोटार. हातखंब्याच्या तिठ्यावर, तीन रस्ते मिळतात तिथे, उतारू उभे असतात, जी मोटार आधी पोचेल तिला ते मिळतात. तिठ्याअलीकडच्या वळणावर धोंडूने गाडी पुढे काढायला घातली. धूळ. हॉर्न. मी ओरडले, "धोंडू, सावकाश!" त्याने मागे पाहिलंसुद्धा नाही. चाक गटारात गेलं आणि गाडी कडेच्या दगडी गडग्यावर कलंडली. माझा हात मोटारीच्या दांड्याला धरलेला. दांडा आणि गडग्याचा जांभा यांच्यामध्ये सापडला.
हलिमाबीचं कपाळ फुटलं. बाकी सगळे खरचटून सुटले.
दुसऱ्या कंपनीची मोटार थांबली नाही. तिठ्यावरचे उतारू तिला मिळाले असणार.

२ जानेवारी १९३४
बापूशेट घरी आले. नारळ, फळं, खिशात पाकीट. दादा (माझा थोरला भाऊ, वखारीत कारकून आहे, मी त्याच्याकडेच राहते) लगबगीने खुर्ची पुसायला लागला.
शेट म्हणाले, "धोंड्याला त्याच दिवशी काढून टाकला. त्याच्यावर पोलिसांनी खटला भरलाय, भोगील. तुमच्या औषधपाण्याला म्हणून हे माझ्याकडून. माझं काही लागत नाही हो, माणुसकी म्हणून."
सोबत एक कागद. इतकं मिळालं, माझी बापूशेटवर काही तक्रार नाही, असा. दौतही आणली होती.
मी म्हटलं, "उजवा हात चालत नाही, सही कशी करू?"
"अंगठा चालेल."
"अंगठाही त्याच हाताचा."
दादाने डोळे वटारले. शेट हसले, पाकीट परत खिशात गेलं. जाताना उंबऱ्यावर थांबून म्हणाले, "बाई, मी का हाकत होतो मोटार?"
तेव्हा उत्तर सुचलं नाही. जेवताना सुचलं. मोटार धोंडू हाकत होता. धोंडूला कोण हाकत होतं?

११ जानेवारी
धोंडूला मॅजिस्ट्रेटने चार महिने कैद दिली. मी जबानी दिली. जे झालं तेच सांगितलं. तो खाली बघत होता. त्याने गुन्हा कबूल केला आणि म्हणाला, "माझ्याच मनाने गाडी पळवली." हे वाक्य त्याने दोनदा म्हटलं. कोणी विचारलं नव्हतं तरी.
शेट मागच्या बाकावर बसले होते. निकाल लागल्यावर उठून गेले. मोटार, मालक, सगळं सुटलं. एक धोंडू आत.
बाहेर त्याची बायको साळू भिंतीला टेकून. सहा महिन्यांची गरोदर. पायांना सूज. सांगणार होते की मीठ कमी कर, पण ती माझ्या हाताकडे बघून निघून गेली.

१९ जानेवारी
आपटे वकिलांकडे गेले. म्हातारे आहेत, तपकीर ओढतात, बोलताना दर वाक्याला थांबतात. सगळं ऐकून घेतलं.
"नोकर मालकाच्या कामात असताना चुकला तर मालक भरून देणं लागतो. पण ते म्हणतील, शर्यत लावणं हे धोंडूचं स्वतःचं कृत्य. मालकाचं काम नव्हे."
"मग?"
"मग आपण दाखवायचं की होतं." तपकीर. "वर्षाच्या आत दावा घातला पाहिजे. किती मागायचे?"
मी हाताकडे पाहिलं. हाताला आकडा कसा लावायचा. ते म्हणाले, "तो मी घालतो. तुम्ही फक्त खरं बोला आणि चिडू नका."

२० जाने.
घरात स्फोट. दादा: "वखारीचं निम्मं लाकूड शेटच्या ट्रकातून जातं. माझा मालक मला काय म्हणेल? तुला दोन वेळचं कमी पडतंय का इथे?"
कमी पडत नाही, दादा. पण ते तुझं आहे. माझं माझ्या हाताचं होतं.
हे त्याला म्हटलं नाही. वहिनीने भाकरी मोडून माझ्या पानात वाढली. आता ती न विचारता मोडून वाढते.

१४ फेब्रुवारी
दावा दाखल. कोर्टफीसाठी आईची पुतळ्यांची माळ मोडली. आई असती तर बोलली असती, आणि मग स्वतःच सोनाराकडे आली असती.

३ मार्च
मिरकरवाड्यास हलिमाबीकडे. कपाळावर व्रण, बाकी तशीच. वाळत घातलेली मासळी उलटी करत होती, थांबली नाही. मी विचारलं, पालीला मोटार सुटताना काय झालं ते आठवतं का.
"आठवतां म्हंजे? शेटच्या तिथल्या एजंटान धोंडूला बोललान ता मी माज्या कानान ऐकलंय. हातखंब्याला दुसरी गाडी आदी पोचली तर उद्यापासून गाडीवर चढू नको, शेटचा हुकूम हाय, म्हणून."
मी म्हटलं, हे कोर्टात सांगशील?
तिच्या मुलाने मध्ये तोंड घातलं, आपल्याला त्या मोटारीतूनच पालीच्या बाजाराला जायचं असतं आई. हलिमाबी त्याला म्हणाली, "मी चालत जाईन. तू नको येवस." मला म्हणाली, "तारीक कळव गो बाय. मंगळवार नको, मंगळवारी बाजार."

९ एप्रिल
हे सविस्तर लिहायला हवं.
दुपारी कुवारबावहून एक बाई धावत आली. साळूला सकाळपासून कळा, मूल पायाळू, नवी नर्स सुमतीबाई तिथे आहे पण घाबरली आहे, तुम्हाला बोलावते. सुमती माझ्या जागेवर बदली आलेली, बावीस वर्षांची, मुंबईहून शिकून.
दादा दारात आडवा. "धोंडू सुटला की तुझ्या दाव्यात साक्षीला येणार. तू त्याच्या घरी गेलीस की म्हणतील साक्षीदार फोडला. वकिलाला विचार आधी."
वकिलांचं घर एका टोकाला, कुवारबाव दुसऱ्या. मी चपला घातल्या.
खोली लहान, धूर. साळूची सासू मूल ओढायच्या बेतात. तिला आधी बाहेर बसवलं. सुमतीचे हात चांगले आहेत, लांब बोटांचे. मी तिच्या पाठीशी बसले आणि बोलत राहिले. ओढायचं नाही. हात खाली. नुसतं बघ. बेंबीपर्यंत येऊ दे. अजून हात लावू नकोस. आता पाठ वर राहू दे. आता खांदा. दुसरा. थांब, मान दिसू दे. थांब म्हटलं ना. आता.
माझा उजवा हात आपोआप पुढे जात होता. दोनदा मीच डाव्याने धरून मागे घेतला.
मुलगी. निळी होती, मग रडली.
नंतर साळू हळू आवाजात म्हणाली, "शेट दर महिन्याला तांदूळ धाडतात. ह्यांनी कोर्टात माज्या मनान गाडी पळवली असं बोलायचं, म्हणून." मी तिला पुढे काही विचारलं नाही. बाळंतीण होती, त्या वेळी तिला काय विचारायचं.
परतताना सुमती म्हणाली, "बाई, तुम्ही नसता तर मी ओढलं असतं." मी म्हटलं, आता पुढच्या वेळी ओढणार नाहीस.

१० एप्रिल
आपटे वकिलांना स्वतः जाऊन सांगितलं. बराच वेळ तपकिरीची डबी फिरवत बसले. "विचारलं असतंत तर मी जाऊ नका म्हटलं असतं."
"म्हणून विचारलं नाही."
"हं."

१६ मे
धोंडू सुटून चार दिवस झाले. आज आला. अंगणात उभा, पायरी चढेना. वाळला आहे.
"बाई, माझं चुकलं."
"चुकलं. त्याची शिक्षा भोगून आलास. आता दुसरं विचारते. पळवायला कोणी सांगितलं?"
 पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. मग म्हणाला, "पोरीचं नाव तुमचं ठेवलंय. यमुना."
आणि गेला. मी विचारलं होतं काय, आणि त्याने सांगितलं काय. रागही येईना धड.

२२ जून
सहा महिने भरले. माझी जागा सुमतीला कायम. योग्यच. तिने येऊन पाया पडायचा प्रयत्न केला, मी पडू दिलं नाही. दवाखान्याच्या डॉक्टरांनी विचारलं, दर शनिवारी खेड्यातल्या सुइणींना शिकवाल का, मानधन थोडं. हो म्हटलं.

१२ जुलै
दाव्याला उत्तर म्हणून शेटची कैफियत आली. त्यांच्यातर्फे एक छापील कार्ड. "ड्रायव्हरांस सूचना: दुसऱ्या मोटारीशी शर्यत लावू नये. लावल्यास कंपनी जबाबदार नाही." खाली धोंडूची वाकडी सही. तारीख अपघाताआधीची.
वाटलं, दावा बुडाला. आपटे वकील मात्र कार्ड उजेडात धरून बघत राहिले. म्हणाले, "मनाई लिहून ठेवली म्हणून काम बदलत नाही बाई. तो शर्यत कशासाठी लावत होता? उतारू मिळवायला. ते उतारू काय त्याच्या घरी जेवायला जाणार होते?"
पहिल्यांदाच त्यांना हसताना पाहिलं.
पण एजंटाचा हुकूम सिद्ध झाला तर उत्तम, म्हणाले. धोंडूला समन्स काढायचं. तो काय बोलेल ते मात्र देवालाच ठाऊक.

३० ऑगस्ट
दादाला वखारीच्या मालकाने बोलावलं. बहिणीला समजव. दादा घरी आला, अंगरखा काढून खुंटीला लावला, म्हणाला, "मी त्यांना सांगितलं, ती माझं ऐकत नाही." आणि मग माझ्याकडे न बघता, "कोर्टाची तारीख कधी आहे?"

९ ऑक्टोबर
माझी जबानी. आपटे वकिलांनी घेतलेली सरतपासणी सुरळीत. उलटतपासणीत शेटचे वकील:
"एप्रिलमध्ये कुवारबावला बाळंतपण केलंत?"
"सुमतीबाईंनी केलं. मी सांगत होते."
"म्हणजे तुमचं काम चालू आहे."
"तोंडाचं चालू आहे. हाताचं बंद आहे."
"मूल सुखरूप?"
"हो."
"मग नुकसान कसलं?"
चिडायचं नाही, हे आठवलं. टेबलावर सरकारी कागदाची टाचणी पडली होती. साहेबांची परवानगी मागून उजव्या हाताने ती उचलायला लागले. उचलेना. पुन्हा. पुन्हा. सगळं कोर्ट बघत होतं. तिसऱ्या वेळी न्यायाधीश म्हणाले, "पुरे, बाई."
जागेवर येऊन बसले. लाज वाटली की राग, सांगता येणार नाही. पण ते दाखवायला हवं होतं.

१० ऑक्टो.
हलिमाबीची जबानी. बुधवार होता, आली. वकिलाने विचारलं, एवढ्या गोंगाटात एजंटाचं बोलणं कसं ऐकू आलं?
"मिरकरवाड्यात रवतां साहेब. समुद्राच्या आवाजात पोरांना हाका मारून मारून कान तयार झालेत."
"यमुनाबाईंनी तुम्हाला शिकवून आणलं ना?"
"माज्या चार पोरांतली दोन तिच्या हातान झाली. मला खोटां शिकवायची तिला गरज काय? माज्या कपाळावर हाय ना लिवलेलां." आणि व्रणावर बोट ठेवलं. कारकून हसला, साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं.

११ ऑक्टो.
धोंडू.
कोणी त्याला मोटार देत नाही. बंदरावर हमाली करतो. सदरा धुतलेला, ओला होता अजून. शेट समोर बसलेले. साळू दारात, पोर खांद्यावर झोपलेली.
आपटे वकिलांनी एकच प्रश्न विचारला. गाडी का पळवलीस?
त्याने आधी साळूकडे पाहिलं. न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं. मग म्हणाला, "मॅजिस्ट्रेट साहेबांसमोर मी बोललो माज्या मनान पळवली. ता खोटं. एजंटान सांगितलं, आदी पोचला न्हायस तर काम गेलं. माज्या आदीच्या दोघांचं तसंच गेलं."
"मग तेव्हा खोटं का बोललास?"
"बायको पोटुशी होती. शेट तांदूळ देणार होते."
शेटचे वकील उठले. कार्ड दाखवलं. सही तुझी? माझी. मग? "पगाराच्या दिवशी घेतली. मला वाचता येत न्हाय. सही तेवढी शिकलोय." मग तो प्रश्न आलाच. तुझी मुलगी या बाईंनी जगवली? होय. तिचं नाव काय? यमुना. पैसे घेतले? न्हाय.
"म्हणजे त्या उपकारापोटी बोलतोस."
धोंडू म्हणाला, "त्यांचा हात माज्यामुळे गेलाय. उपकार कसला, साहेब? ता फिटणार हाय काय?"
मी खिडकीबाहेर बघत राहिले.
कोर्ट सुटल्यावर दादा धोंडूपाशी गेला, काहीतरी बोलला. काय ते मला सांगितलं नाही. घरी येताना सगळ्या वाटेने कागदांचं बोचकं त्यानेच धरलं होतं.

२३ जानेवारी १९३५
निकाल.
अपघात धोंडूच्या बेपर्वाईने झाला. तो त्या वेळी मालकाच्याच कामात होता. शर्यत मालकाच्या फायद्यासाठी होती, कार्डाने जबाबदारी टळत नाही. बापूशेटनी भरपाई द्यावी. आपटे वकिलांनी इंग्रजीतला तो परिच्छेद मला मराठीत दोनदा सांगितला. मी तिसऱ्यांदा सांगा म्हटलं.
रक्कम मागितलेल्याच्या निम्मी. कारण वादी शिकवण्याचं काम करू शकते, हे कुवारबावच्या बाळंतपणावरून दिसतं, असं लिहिलं आहे. म्हणजे त्या दुपारी मी गेले नसते तर जास्त मिळाले असते.
वाईट वाटलं नाही असं लिहिलं तर खोटं होईल. वाटलं. संध्याकाळपर्यंत. मग वहिनीने शिरा केला.

४ फेब्रुवारी
काल शेटचा माणूस आला. ठरलेली सगळी रक्कम लगेच देतो, वर खर्चही. फक्त दोघांनी मिळून कोर्टाला कळवायचं की आपसात मिटलं, आणि निकालातलं ते मालकाच्या जबाबदारीचं काढून टाकायला दोघांची संमती आहे. नाहीतर शेट अपिलात जातील, वर्षं लागतील.
दादा म्हणाला, "तुझा दावा, तू ठरव." वर्षापूर्वी असं म्हणाला नसता.
रात्र जाऊ दिली. सकाळी कळवलं, पैसे नाही मिळाले तरी चालेल, पण लिहिलेलं खोडायचं नाही.
आपटे वकील ऐकून म्हणाले, "तसंही ते असं खोडता आलं नसतं. पण शेटना ते का खोडायचंय, हे बरोबर ओळखलंत." बाकीच्या मोटारवाल्यांनाही त्याची झळ लागणार आहे.

१७ मार्च
शनिवारच्या वर्गाला काल अकरा सुइणी. एक तर पार लांब साखरप्याहून आलेली. पायाळू मूल शिकवलं, कापडाची बाहुली करून. माझा हात बघून एकीने विचारलं, कसं झालं. सांगितलं. मग वर्ग सोडून अर्धा तास तेच. खेड्यातल्या बायकांना कोर्टातलं किती नीट कळतं! मालकाचं काम म्हणजे काय, हे तर लगेच कळलं.

२ मे १९३५
अपिलाची नोटीस आली. जिल्हा कोर्टात, तारीख जूनची.
संध्याकाळी धोंडू आला. आता पायरी चढतो. दुसऱ्या कंपनीने त्याला गाडी दिली आहे, आठवडा झाला. अड्ड्यावरची गंमत सांगत होता. पालीच्या एजंटाने परवा एका ड्रायव्हरला म्हटलं, जरा ताणून घे, तिठ्यावर गर्दी आहे. ड्रायव्हर म्हणाला, चिठीवर लिहून द्या आणि शेटची सही आणा. एजंटाने विषय सोडला. आता सगळेच ड्रायव्हर चिठी मागतात म्हणे. धोंडू हसत होता, मग थांबला.
"अपिलात फिरलं तर, बाई?"
"तर मुंबईच्या हायकोर्टात."
"तवर पावसाळा येईल. बोटी बंद."
"नारळी पुनवेनंतर सुरू होतात."
त्याने मान हलवली. दादा आतून म्हणाला, तिकीट दोघांचं काढावं लागेल, ती एकटी जायची नाही.
उद्या आपटे वकिलांकडे. सकाळी लवकर, ऊन व्हायच्या आत. निकालाच्या दोन नकला आणायला सांगितल्या आहेत, आणि हलिमाबीला कळवायचं आहे की तिला पुन्हा यावं लागणार नाही, अपिलात साक्षी होत नाहीत. ती रागावणार.